दुःखाचे इंग्रजी शब्द आणि करवीरचा एक राजा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या एका विद्यार्थ्यानें रजेचा अर्ज आणून आमच्या हातीं दिला. अर्ज इंग्रजींत होता आणि व्याकरणाच्या दृष्टीनें अगदीं निर्दोष होता. वडिलांचें निधन झाल्याचें कळविण्यास आपणांस ‘रिग्रेट’ वाटतें, सबब तेरा दिवसांची रजा मंजूर व्हावी, असा त्याचा मजकूर. नेहमींच्या संवयीनें आमची तांबडी पेन्सिल हातांत आली, पण दुरुस्त करण्यासारखें त्यांत कांहींच नव्हतें. आम्हीं मान वर केली, तों तो मुलगा जमिनीकडे पाहत हलक्या आवाजांत म्हणाला, “सर, आबा गेलं.” हे शब्द त्याच्या तोंडून निघाले आणि त्याचा हुंदका फुटला. अर्जांतल्या पूर्ण, शुद्ध वाक्यानें जें आमच्यापर्यंत पोंचविलें नव्हतें, तें ह्या शब्दांनीं एका क्षणांत पोंचविलें.

तो मुलगा निघून गेल्यावर बराच वेळ आम्ही त्या अर्जाकडे पाहत बसलों. ‘रिग्रेट’ हा शब्द त्याला कोणीं शिकविला? आम्हींच. तीस वर्षें आम्ही ह्या शहरांत इंग्रजी वाङ्मय शिकवीत आलों. दुःखाचे इंग्रजी शब्द आमच्याच खडूनें फळ्यावर लिहिले गेले. ते शब्द मुळांत कोठून आले, त्यांच्या पोटांत काय आहे, आणि आमच्या मराठी दुःखाशीं त्यांची गांठ पडली तेव्हां काय घडलें, ह्याचा विचार मात्र आम्हीं वर्गांत क्वचितच केला. प्रस्तुत लेखांत तो करण्याचा विचार आहे. तो करतां करतां आपल्या करवीर राज्याच्या इतिहासांतील एका करुण प्रकरणाशीं आम्ही येऊन पोंचणार आहोंत. कारण एखाद्या शब्दाचा अर्थ काय करावयाचा, ह्या प्रश्नावर कधीं कधीं माणसाचें आयुष्य टांगलेलें असतें, हें त्या प्रकरणांत जसें दिसतें तसें कोणत्याही कोशांत दिसत नाहीं.

प्रथम शब्दांकडे वळूं. इंग्रजींतील ‘ग्रीफ’ हा शब्द फ्रेंचमधून आला, आणि त्याच्या मुळाशीं ‘ग्रॅव्हिस’ म्हणजे ‘जड’ हा लॅटिन शब्द आहे. आमच्या वाचकांस नवल वाटेल, परंतु हा लॅटिन शब्द आणि आपला संस्कृत ‘गुरु’ हे एकाच मूळ धातूचीं लेंकरें होत. म्हणजे ‘ग्रीफ’ हें उरावर ठेवलेलें ओझें. ‘अँग्विश’ ह्या शब्दाचें मूळ ‘अरुंद, चिंचोळें’ अशा अर्थाचें आहे. वेदांतील ‘अंहस्’ त्याचा दूरचा आप्त. आपणही ‘जीव कोंडला’, ‘घुसमट झाली’ असें म्हणतों, तेव्हां त्याच चिंचोळ्या वाटेनें जात असतों. ‘बिरीव्ह’ ह्या क्रियापदाचा जुना अर्थ लुटणें, हिरावून घेणें. ज्याचें माणूस गेलें तो इंग्रजी भाषेच्या दृष्टीनें लुटला गेलेला मनुष्य होय.

‘सॅड’ ह्या साध्या शब्दाची कथा तर फारच मनोरंजक आहे. जुन्या इंग्रजींत त्याचा अर्थ ‘तृप्त, पोट भरलेला’ असा होता. पोट भरलें कीं मनुष्य जड होतो. जड झाला कीं गंभीर दिसतो. आणि गंभीर दिसणारा हळू हळू दुःखी समजला जाऊं लागतो. तृप्तीपासून निघून खिन्नतेपर्यंत असा हा शब्दाचा प्रवास झाला. ‘सॉरो’ आणि ‘सॉरी’ हे शब्द कानाला सख्ख्या भावांसारखे वाटतात, पण त्यांचीं कुळें निराळीं. ‘सॉरो’चें मूळ चिंता, काळजी ह्या अर्थाकडे जातें, जर्मन भाषेंत त्याचा भाऊ अजून काळजी ह्याच अर्थानें नांदत आहे. ‘सॉरी’ हा मात्र ‘ठणकणारी जखम’ ह्या अर्थाच्या शब्दापासून निघाला. बसमध्यें कोणाच्या पायावर पाय पडला असतां आजचा कोल्हापूरकर ज्या सहजतेनें ‘सॉरी’ म्हणून पुढें सरकतो, ती सहजता पाहिली म्हणजे त्या शब्दाची जखम पार बुजून गेली असें म्हणावें लागतें.

आतां राहिला ‘मेलन्कोली’. हा शब्द ग्रीक वैद्यांचा. शरीरांत चार रस असतात, त्यांपैकीं काळें पित्त वाढलें म्हणजे मनुष्य उदास होतो, असें त्यांचें मत होतें. ‘मेलन्कोली’ ह्याचा शब्दशः अर्थ ‘काळें पित्त’ एवढाच. वात, पित्त, कफ ह्यांची परंपरा ज्याला ठाऊक आहे त्याला हें मत परकें वाटणार नाहीं. इंग्लंडांत १६२१ सालीं रॉबर्ट बर्टन नांवाच्या विद्वानानें ह्या एकाच विषयावर प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि त्याच्याही पूर्वीं शेक्सपिअरनें ह्या काळ्या पित्ताला डेन्मार्कचा राजपुत्र बनवून रंगभूमीवर उभें केलें. हा शब्द एक पाय वैद्यकांत आणि एक पाय काव्यांत ठेवून उभा आहे, ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिची आवश्यकता पडणार आहे.

मराठीचें भांडार ह्या बाबतींत दरिद्री आहे काय? मुळींच नाहीं. संस्कृतानें दिलेले शब्दच घ्या. ‘शोक’ ह्याच्या मुळाशीं जळणें आहे, ‘विषादा’च्या मुळाशीं खालीं खचणें आहे, ‘खेदा’च्या मुळाशीं दाबलें जाणें आहे. तिघांचे अनुभव निराळे. पण मराठीचें खरें वैभव हे तत्सम शब्द नव्हेत. तें घरगुती शब्दांत आहे. हळहळ, हुरहुर, रुखरुख, चुटपुट ह्या चार शब्दांचें भाषांतर करावयास आम्ही दरवर्षीं विद्यार्थ्यांना सांगतों, आणि दरवर्षीं चारही ठिकाणीं एकच इंग्रजी शब्द लिहून कागद परत येतात. वास्तविक हुरहुर ही पुढें काय होईल ह्याची. रुखरुख ही राहून गेलेल्या गोष्टीची. चुटपुट ही थोडक्यांत हुकलेल्या गोष्टीची. आणि हळहळ ही बहुधा दुसऱ्याच्या किंवा सर्वांच्या हानीची. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं आमच्या केशवराव भोसले नाट्यगृहास आग लागली. शाहू महाराजांनीं १९१५ सालीं उभारलेलें तें नाट्यगृह, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्रीं जळालें. त्या दिवशीं शहराला जें झालें, त्याला ‘ग्रीफ’ म्हणावें तर फार जड होतें आणि ‘रिग्रेट’ म्हणावें तर लाजिरवाणें हलकें होतें. शहर हळहळलें, हेंच खरें.

असें असतां इंग्रजी शब्दांचा आमच्या दुःखावर अंमल कसा बसला? ह्याचें उत्तर एकोणिसाव्या शतकांतील कोशांत सांपडतें. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ सालीं निघाला, मोल्सवर्थ व कँडी ह्यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं, आणि पहिल्या कोशाची वाढविलेली दुसरी आवृत्ति १८५७ सालीं. हे ग्रंथ म्हणजे प्रचंड उद्योगाचें फळ होय. त्यांच्याविषयीं मराठी माणसानें कृतज्ञच राहिलें पाहिजे. परंतु द्विभाषी कोश हा एक प्रकारचा विवाह असतो. दोन अनोळखी शब्द एका ओळींत बसविले जातात, आणि वर्षानुवर्षांच्या सहवासानें दोघांचेही स्वभाव बदलूं लागतात. शाळेंत, कचेरींत, न्यायालयांत, वर्तमानपत्रांत जेथें जेथें इंग्रजी मजकुराचें मराठी करावें लागलें, तेथें तेथें मराठी शब्द आपला जुना संसार सोडून नव्या घरीं नांदावयास गेला.

दोन उदाहरणें देतों. ‘दिलगीर’ हा शब्द मूळचा फारसी; ‘दिल’ म्हणजे हृदय आणि ‘गीर’ म्हणजे धरणारें. काळीज धरून ठेवणारें जें दुःख तें दिलगिरी. जुन्या मराठी पत्रव्यवहारांत आणि बखरींत मनुष्य दिलगीर होतो तो खरोखरीच कष्टी झालेला असतो. पुढें इंग्रजी ‘रिग्रेट’शीं त्याची गांठ घातली गेली, आणि आज कोल्हापूर स्थानकावर गाडी उशिरा येणार असली म्हणजे आपण ज्या घोषणा ऐकतों, त्यांतली दिलगिरी कोणाचें काळीज धरून ठेवीत असेल असें वाटत नाहीं. येथील राजाराम कॉलेजांत माधवराव पटवर्धन, म्हणजे कवि माधव जूलियन, फारसी व मराठी शिकवीत असत. त्यांनीं १९२५ सालीं फारसी-मराठी कोश सिद्ध केला, आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून परकी शब्दांविरुद्ध बाजू घेतली. एकाच विद्वानाच्या हातून हीं दोन्ही कामें व्हावीं ह्यांत आम्हांस विसंगति दिसत नाहीं. शब्द कोठून आला हें ज्याला नीट कळतें, त्यालाच तो ठेवावा कीं टाकावा ह्याविषयीं बोलण्याचा अधिकार असतो.

दुसरें उदाहरण ‘दुखवटा’. पूर्वीं सरदाराच्या घरीं मृत्यु झाला म्हणजे दरबारांतून दुखवट्याचीं वस्त्रें जात. तो समाचार होता, मान होता, आणि आतां सुतक संपवून कामाला लागा अशी सूचनाही होती. दुखवटा हा हातांत धरून नेण्याचा पदार्थ होता. इंग्रजी सभांचा रिवाज आला, ‘कन्डोलन्स’चे ठराव होऊं लागले, आणि वस्त्र जाऊन ठराव आला. आज दुखवटा ‘व्यक्त’ करतात, पूर्वीं तो ‘घेऊन जात’. दुःखांत सहभागी होण्याची क्रिया पायांकडून तोंडाकडे आली, एवढाच काय तो फरक. पण हा फरक लहान नव्हे.

आतां आम्ही करवीरच्या प्रकरणाकडे वळतों. छत्रपति राजाराम महाराज १८६६ सालीं गादीवर आले. इंग्रजी शिक्षण घेतलेला हा तरुण राजा १८७० सालीं विलायतेच्या प्रवासास गेला, आणि परत येतांना ३० नोव्हेंबर रोजीं इटलींतील फ्लॉरेन्स शहरीं मरण पावला. वय अवघें वीस वर्षांचें. आर्नो आणि मुन्योने ह्या नद्यांच्या संगमावर हिंदु पद्धतीनें त्यांचें दहन झालें. तेथें १८७४ सालीं छत्री उभारण्यांत आली. ती अजून आहे, आणि तिच्यावरून जवळच्या पुलालाही ‘हिंदी माणसाचा पूल’ अशा अर्थाचें नांव मिळालें आहे. महाराजांनीं प्रवासांत इंग्रजींतून दैनंदिनी लिहिली होती. कॅप्टन वेस्ट ह्यांनीं ती संपादून १८७२ सालीं प्रसिद्ध केली. पंचगंगेच्या कांठीं ज्याचें सर्व व्हावयाचें, त्या राजाचें दहन परक्या नदीच्या कांठीं झालें आणि त्याचे शेवटचे दिवस परक्या भाषेच्या पुस्तकांतून त्याच्या प्रजेस कळले. इंग्रजी भाषेनें कोल्हापूरच्या दुःखाचा ताबा घेतला त्याची सुरुवात आम्ही येथें मानतों.

राजाराम महाराजांस पुत्र नव्हता. १८७१ सालीं नारायणराव भोसले नांवाच्या आठ वर्षांच्या मुलास दत्तक घेऊन त्याचें नांव शिवाजी ठेवण्यांत आलें. इतिहासांत हेच चौथे शिवाजी महाराज म्हणून ओळखले जातात. आठ वर्षांचें पोर जन्मदात्यांपासून सुटलें, थोर पूर्वजाचें नांव त्याच्यावर ठेवलें गेलें, आणि परकीय देखरेखीखालीं त्याचें शिक्षण सुरू झालें. मुलगा वयांत आला, आणि त्याच्या वागणुकीसंबंधानें अधिकाऱ्यांकडून तक्रारी होऊं लागल्या. अखेर १८८२ सालीं त्याच्या मनावर परिणाम झाला आहे असें ठरवून राज्यकारभार कौन्सिलाच्या हातीं देण्यांत आला; कागलचे आबासाहेब घाटगे रीजंट झाले.

ह्या मुलाला नक्की काय झालें होतें? त्याला खरोखर व्याधि होती, कीं एकाकीपणानें आणि जाचानें तो पिचला होता? शंभर-दीडशें वर्षांच्या अंतरावरून नाडी पाहण्याचा दावा आम्ही करीत नाहीं. परंतु ह्या प्रश्नावर तेव्हांचा महाराष्ट्र पेटला होता, हें निश्चित. पुण्यास १८८१ च्या जानेवारींत सुरू झालेल्या ‘केसरी’ व ‘मराठा’ ह्या पत्रांनीं महाराजांची बाजू घेतली. महाराज वेडे नाहींत, त्यांस छळानें तसें केलें जात आहे, असें त्यांचें म्हणणें. कारभारी माधवराव बर्वे ह्यांच्या नांवाचीं म्हणून कांहीं पत्रें छापण्यांत आलीं. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीचा खटला भरला. पत्रें बनावट ठरलीं. टिळक आणि आगरकर ह्यांनीं आपली चूक मान्य करून माफी मागितली, तरी खटला पुढें चालला, आणि जुलै १८८२ मध्यें दोघांस चार महिन्यांची साधी कैद झाली. त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत काढले, आणि २६ ऑक्टोबर रोजीं ते सुटले. ह्या दिवसांची हकीकत आगरकरांनीं पुढें स्वतंत्र पुस्तकांत लिहिली, हें वाचकांस ठाऊकच आहे.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा सर्व पाल्हाळ केला ती सांगतों. त्याच तुरुंगवासांत आगरकरांनीं शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’चें मराठी भाषांतर केलें, आणि १८८३ सालीं तें ‘विकारविलसित’ ह्या नांवानें प्रसिद्ध झालें. एक तरुण राजा वेडा ठरविला जातो. त्याची बाजू घेतल्याच्या प्रकरणांत एक तरुण पदवीधर तुरुंगांत जातो. आणि तुरुंगांत बसून तो कोणतें नाटक मराठींत आणतो? तर ज्यांत एका राजपुत्राला सर्व दरबार वेडा म्हणत आहे तें! आगरकरांनीं हें नाटक कोल्हापूरच्या राजासाठींच निवडलें असा सिद्धान्त आम्ही मांडीत नाहीं. तथापि भाषांतर करतांना त्यांच्या डोळ्यांपुढें एकच राजवाडा होता असें मानणें आम्हांस तरी कठीण जातें.

‘हॅम्लेट’ नाटकाचा पूर्वार्ध म्हणजे दुःखाच्या शब्दांवरील एक प्रदीर्घ वाद आहे. बाप मेला म्हणून मुलगा काळीं वस्त्रें घालून बसला आहे. आई म्हणते, दुःख पुरे. चुलता म्हणतो, इतकें दुःख पुरुषाला शोभत नाहीं. म्हातारा प्रधान म्हणतो, हें प्रेमाचें वेड. आणि राजपुत्राला स्वतःला ठाऊक आहे कीं अंगावरचीं वस्त्रें आणि आंतील दुःख ह्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. त्याची ती ‘मेलन्कोली’ शोक म्हणावी, स्वभाव म्हणावा, सोंग म्हणावें, कीं रोग म्हणावा? दरबाराला तो रोग हवा आहे, कारण रोगी राजपुत्राला दूर पाठवितां येतें. एका शब्दाची निवड झाली कीं शिक्षाही ठरली. कोल्हापूरच्या प्रकरणांत हेंच घडत होतें, आणि आगरकर व टिळक ज्या गोष्टीसाठीं भांडले ती तरी दुसरी कोणती होती?

आणि मग आगरकरांनीं नाटकाला दिलेलें नांव पाहा. ‘विकार’ हा शब्द त्यांनीं कोणत्या अर्थानें योजला? आजचा वाचक विकार म्हटला कीं आजार समजतो: हृदयविकार, त्वचाविकार, मनोविकार. एकोणिसाव्या शतकांतील लेखकांस मनोविकार म्हणजे मनाच्या वृत्ति. राग, लोभ, प्रीति, मत्सर, शोक हे सर्व मनोविकारच. मन मूळ शांत स्थितींतून हललें कीं विकार झाला, असा तो आपल्या तत्त्वज्ञानांतून आलेला अर्थ. ‘विकारविलसित’ म्हणजे मनोवृत्तींचा खेळ, रोगाचा नव्हे. ज्या राजपुत्राला दरबार रोगी ठरवीत होता, त्याच्या नाटकाला आगरकरांनीं दिलेलें नांव सांगत होतें कीं ज्या गोष्टी तुम्हां-आम्हां सर्वांच्या मनांत चालतात, त्याच येथें मोठ्या प्रमाणावर चालल्या आहेत.

कोल्हापूरच्या राजाला मात्र हा अर्थ लाभला नाहीं. त्यांना तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर, येथें पहाऱ्यांत ठेवण्यांत आलें, आणि २५ डिसेंबर १८८३ रोजीं ग्रीन नांवाच्या गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटींत त्यांचा अंत झाला. वय वीस वर्षांचें. दत्तक पिता वीस वर्षांचा असतां परदेशीं गेला. पुत्र वीस वर्षांचा असतां स्वदेशांत परक्या पहाऱ्याखालीं गेला. ‘विकारविलसित’ प्रसिद्ध झालें तें हेंच वर्ष. पुढें १७ मार्च १८८४ रोजीं कागलच्या घाटगे घराण्यांतील मुलगा दत्तक आला आणि शाहू छत्रपति म्हणून करवीरचें भाग्य उजळलें. त्या उजेडांत आधींच्या दोन तरुण राजांची आठवण पुसट झाली. राजाराम महाराजांचें नांव निदान कॉलेजाला आहे. चौथ्या शिवाजी महाराजांचें नांव काढलें कीं अजूनही लोक एकच विशेषण उच्चारतात, आणि तें विशेषण कोणीं लावलें हें विचारीत नाहींत.

‘विकारविलसिता’चें पुढें काय झालें? शाहूनगरवासी नाटक मंडळीनें तें रंगभूमीवर आणलें, आणि गणपतराव जोशी ह्यांचा हॅम्लेट, म्हणजे मराठींतील चंद्रसेन, सर्व महाराष्ट्रांत गाजला. आपल्या जुन्या नाट्यपरंपरेंत करुण रसाला उणीव नव्हती. भवभूतीनें तर त्यालाच सर्व रसांचें मूळ मानलें. परंतु नाटकाचा शेवट गोड व्हावा, रंगभूमीवर मरण दाखवूं नये, हा दंडक होता. ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद थोडे. १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने ह्यांनीं ‘थोरले माधवराव पेशवे’ नाटकांत मृत्यूनें शेवट केला. १८६७ सालीं महादेवशास्त्री कोल्हटकर ह्यांनीं ‘ऑथेल्लो’ मराठींत आणलें. ‘ट्रॅजेडी’ला प्रथम ‘शोकपर्यवसायी नाटक’ असें लांबलचक नांव मिळालें, आणि पुढें ‘शोकांतिका’ हें सुटसुटीत नांव रुळलें. १९१९ सालीं ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आलें तोंवर मराठी प्रेक्षक डोळे पुसत घरीं जाण्यास सरावला होता. हा इंग्रजी शब्दाचा आमच्यावरील उपकार होय. दुःख भोगून संपत नाहीं, त्याचा गोड शेवट होतोच असें नाहीं, आणि तरीही तें पाहण्यासारखें, विचार करण्यासारखें असतें, हें त्या शब्दानें शिकविलें. आज मात्र सामना हरला तरी वर्तमानपत्रें ‘शोकांतिका’ लिहितात, आणि ‘सॉरी’चें जें झालें तेंच ह्या शब्दाचें होऊं घातलें आहे.

‘विकार’ शब्दाची गत आणखी निराळी झाली. मानसशास्त्राचे इंग्रजी ग्रंथ मराठींत येऊं लागले, तसा मनाच्या वृत्तींसाठीं ‘भावना’ हा शब्द पुढें आला आणि ‘मनोविकार’ रोगासाठीं राखून ठेवला गेला. आमच्या विद्यार्थ्यांना ‘विकारविलसित’ हें नांव सांगितलें म्हणजे तें त्यांना एखाद्या दवाखान्यांतील पुस्तकाचें वाटतें. आगरकरांनीं जो शब्द राजपुत्राच्या बचावासाठीं उभा केला, तोच आज त्याच्याविरुद्ध साक्ष देत आहे! शब्दांचा इतिहास न शिकवितां वाङ्मय शिकविण्याचा काय परिणाम होतो, ह्याचा ह्याहून बोलका दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

ह्या सर्वांतून इंग्रजी शब्द टाकून द्यावे असा निष्कर्ष कोणी काढूं नये. कायद्याच्या भाषेकडेच पाहा. १८५८ च्या आणि १९१२ च्या कायद्यांत मनोरुग्णासाठीं जो इंग्रजी शब्द होता, त्याच्या मुळाशीं चंद्रामुळें वेड लागतें ही भाबडी समजूत होती. १९८७ च्या कायद्यानें तो शब्द काढला, आणि २०१७ च्या कायद्यानें मानसिक आजार असलेल्या मनुष्याचे हक्क स्पष्ट शब्दांत नमूद केले. शब्द बदलला आणि त्याच्यामागोमाग माणसाकडे पाहण्याची दृष्टिही बदलली. आज एखादा विद्यार्थी ‘डिप्रेशन’ हा शब्द उच्चारून वैद्याकडे जातो आणि बरा होतो, तेव्हां त्या परक्या शब्दानें त्याचे प्राण वांचविलेले असतात. चौथ्या शिवाजी महाराजांस व्याधि असलीच, तर तिला असा दयाळू शब्द आणि असा वैद्य मिळाला नाहीं. पण परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून ‘डिप्रेशन आलं’ असें जेव्हां दुसरा विद्यार्थी म्हणतो, तेव्हां त्याला आम्ही सांगतों कीं, बाबा, ही चुटपुट आहे. हिला औषध नको, पुढच्या परीक्षेचा अभ्यास पाहिजे. आजाराला आजार म्हणावें आणि दुःखाला दुःख म्हणावें. दोहोंची गल्लत झाली कीं एक तर रोगी उपचारावांचून राहतो, नाहीं तर शोक करणारा रोगी ठरतो. आमच्या राजवाड्यांत ह्यांपैकीं निदान एक गोष्ट खास घडली.

तो विद्यार्थी तेराव्यानंतर येईल तेव्हां त्याच्याशीं काय बोलावें, ह्याचा विचार आम्ही कांहीं दिवस करीत होतों. शेवटीं त्याच्या येण्याची वाट न पाहतां पांचव्या दिवशीं आम्हीच त्याच्या गांवीं गेलों. दारांत माणसें बसलीं होतीं. आम्हीं पायांतलें काढून कोपऱ्यांत बैठक मारली. कोणी कांहीं बोलत नव्हतें. बऱ्याच वेळानें मुलाच्या आजीनें आंतून चहा पाठविला आणि विचारलें, “लांबनं आलासा. जेवून जाणार न्हवं?” ज्या घरांतला कर्ता मुलगा गेला त्या घरची म्हातारी आमच्या जेवणाची चौकशी करीत होती. ह्या वाक्याला कोणत्या कोशांत कोणता प्रतिशब्द आहे तें आम्ही शोधूं लागलों नाहीं. “जेवून जातों, आजी,” एवढेंच म्हणालों.

परत आल्यावर त्याचा अर्ज आम्हीं पुन्हां काढला, ‘मंजूर’ असा शेरा मारून खालीं सही केली, आणि त्या ‘रिग्रेट’ शब्दाला तांबडी पेन्सिल लावली नाहीं. कचेरीपुढें उभें राहतांना मुलाला एक अंगरखा लागतो. तो आम्हींच त्याला शिवून दिला आहे. अंगरख्याच्या आंत माणूस आहे हें ओळखण्याचें काम मात्र अर्ज वाचणाराचें.